नायकीण, खाणावळवाली आणि संचालिका

'नायकीण' हा शब्द ऐकला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गाण्याची बैठक उभी राहते. कोशकारांनीही गाणारी-नाचणारी कलावंतीण हाच त्या शब्दाचा अर्थ मुख्यत्वे नोंदविला आहे. परंतु परळ, लालबाग, चिंचपोकळी ह्या भागांत ज्यांचे वाडवडील गिरणीत राबले, त्यांच्या घरची जुनी माणसे हा शब्द अगदी निराळ्या अर्थाने वापरीत. कापडगिरणीच्या रिळिंग किंवा वाइंडिंग खात्यात बायका काम करीत, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी जी बाई असे तिला नायकीण म्हणत. पुरुषांचा जसा जॉबर, तशी बायकांची नायकीण. पाट्यावर कोणाला उभे करावे, कोणाला उद्या येऊ नको म्हणून सांगावे, कोणाची दांडी मास्तरच्या कानावर घालावी आणि कोणाची पोटात घालावी, हे सारे तिच्या हाती असे. तिला अक्षरओळख असेलच असे नव्हते. पण शेपन्नास माणसांचे काम चालविण्याची विद्या तिच्यापाशी होती, हे मान्य केले पाहिजे.

उद्योगधंद्यांच्या कारभारातील स्त्रिया हा विषय अलीकडे व्यासपीठांवर वारंवार निघतो. बोलणारे बहुधा कंपन्यांच्या संचालक मंडळांपासून आरंभ करतात आणि तेथेच शेवटही करतात. त्यामुळे ही गोष्ट काल-परवा, काचेच्या उंच इमारतींत सुरू झाली असा श्रोत्यांचा समज होतो. आम्हांला हा आरंभच चुकीचा वाटतो. ह्या गोष्टीचा एक मोठा भाग मुंबईत कोटाच्या उत्तरेस चार-पाच मैलांवर, कापसाच्या धुरळ्यात घडून गेलेला आहे. आणि तो ठाऊक नसल्यामुळे पुढचा भागही आपल्याला नीट उमगत नाही.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनी ताडदेव येथे पहिली कापडगिरणी उभारण्याचे काम १८५४ साली हाती घेतले. १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंतची भाताची खाचरे आणि वाड्या गिरण्यांच्या धुराड्यांखाली गेल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे ह्या जिल्ह्यांतून माणसे आली. त्यांत बायकाही होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी ढोबळ मानाने दर पाचांत एक स्त्री होती. नवरा मेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात चूल पेटत नाही अशा, ह्या तीन प्रकारच्या बायका तीत मोठ्या संख्येने असत. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांना थारा नव्हता. कातलेले सूत कांडीवरून रिळावर भरणे, त्याच्या लडी घालणे आणि खाली पडलेला वायफट कापूस निवडणे ही त्यांची कामे. लडी घातलेले सूत एके काळी गलबते भरभरून चीनला जात असे, आणि मुंबईच्या गिरण्यांची पहिली भरभराट झाली ती मुख्यतः त्या सुतावर. म्हणजे चिनी विणकऱ्याच्या हाती जे सूत पडे त्याला शेवटचा हात परळच्या एखाद्या सातारकरणीचा लागलेला असे. हे त्या बाईला कोणी सांगितले असेल असे मात्र वाटत नाही.

नायकिणीचे चित्र रंगवताना तिला देवी करण्याचा मोह आम्ही टाळतो. ती दस्तुरी घेई. नोकरी लावून दिल्याबद्दल पहिल्या पगारातला वाटा, सणावाराला काही भेट, वेळप्रसंगी उसने दिलेल्या पैशांवर व्याज, हा जॉबराचा सारा व्यवहार नायकिणीच्याही अंगवळणी पडला होता. तिच्या मर्जीबाहेर गेलेल्या बाईला त्या खात्यात दिवस काढणे कठीण होई. तथापि ह्याच व्यवहाराला दुसरी बाजू होती. गावाहून नुकतीच आलेली, चाळीत कोणाची ओळख नसलेली बाई नायकिणीच्या शब्दावर वाण्याकडे उधारीने ज्वारी आणू शके. पोर तापाने फणफणले असता एक दिवस दुसरीला बदली उभी करून घरी राहू शके. पुरुष मास्तर किंवा जॉबर अंगचटीला आला तर मध्ये पडण्याइतके वजन नायकिणीपाशीच होते. पडे की न पडे, हा तिच्या स्वभावाचा प्रश्न. गावाकडच्या पाटलिणीला जो मान आणि जो धाक, तोच इथे पत्र्याच्या छपराखाली आला होता.

बायकांना बोलता येत नव्हते असेही नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८९० च्या एप्रिल महिन्यात महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणी कामगारांची जी प्रचंड सभा भरवली, तिला सुमारे दहा हजार माणसे जमली होती. आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांची भाषणे झाली. काळ लक्षात घ्या. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतली बाई परपुरुषांच्या सभेत जाऊन बसली तरी गावभर चर्चा होई, त्या काळी दोन बायका दहा हजारांपुढे उभ्या राहून आठवड्याची सुटी मागत होत्या. त्यांची नावे कोणत्याही शाळेच्या पुस्तकात आलेली नाहीत. सुटी मात्र मिळाली. त्याच वर्षी जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची रजा मान्य केली, आणि आज जो तो ती उपभोगीत आहे.

पुढच्याच वर्षी, १८९१ साली, नवा फॅक्टरी कायदा आला. स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांच्या वर नसावे आणि त्यांना रात्री कामावर ठेवू नये, असे त्याने ठरविले. हेतू चांगला होता. निदान जाहीर हेतू तरी. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची चढाओढ खुपत होती आणि म्हणूनच विलायतेतून हे दयेचे वारे वाहत आहे, असे त्या वेळी इकडचे बरेच लोक म्हणत. त्यांत तथ्य नव्हते असे नाही. पण हेतू कोणाचा कसाही असो, पहाटे अंधारात घर सोडून रात्री अंधारातच परतणाऱ्या बाईला कायद्याने थोडा श्वास मिळाला. गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून निजवीत असे, हे विसरता येत नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास गिरणीतल्या बाळंतपणांची जी पाहणी केली तीत ह्या अफूचे प्रमाण वाचून अंगावर काटा येतो.

बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून ना. म. जोशी ह्यांनी दिल्लीच्या विधिमंडळात केलेला प्रयत्न फसला. मग आसवले ह्यांनी मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा बोजा बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या एका मुद्द्याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. १९२९ चा कायदा झाला तेव्हा मुंबई शहरात दिवसाला आठ आणे भत्ता मिळू लागला, पण तो सरकारी तिजोरीतून नव्हे, एकट्या मालकाच्या गल्ल्यातून. मालकाने लगेच हिशेब मांडला. बाई ठेवली तर भत्ता. बाई ठेवली तर रात्रपाळी नाही. आणि तिसाच्या दशकात तर एकेका गिरणीत दुसरी पाळी सुरू होत होती. यंत्र चोवीस तासांतले निम्म्याहून अधिक तास फिरते ठेवायचे होते. १९३४ च्या कायद्याने संध्याकाळी सातनंतर बाईला ठेवता येत नव्हते. पुरुषाला मात्र दोन्ही पाळ्यांत फिरवता येत होते. पुढे १९४८ च्या कायद्यात आणखी एक आकडा आला: पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर. हिशेबनीसाला एवढी खूण पुरेशी असते.

संख्या उतरू लागली. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास पाचांतली एक ही स्थिती जाऊन आठ-नवांतली एक झाली होती. १९८२ च्या मोठ्या संपाच्या वेळी विसांतली एकही उरलेली नव्हती.

ह्याचे कारण काय, ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. संरक्षणाच्या कायद्यांनीच बायकांचा घात केला, असे काही म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. कायद्याआधीच जपानने चीनची बाजारपेठ काबीज केली होती आणि लडी घालण्याचे काम आटत चालले होते. वाइंडिंगची नवी जलद यंत्रे आली. तिघींचे काम एक माणूस करू लागला, आणि जे काम उरले त्याचा दर बरा झाल्याबरोबर ते पुरुषाचे झाले. शिवाय ज्यांनी आवाज उठवायचा त्या युनियनांचाही जीव ह्यात फारसा नव्हता. घरातल्या कर्त्या पुरुषाला संसार चालेल एवढा पगार मिळाला म्हणजे बाईला गिरणीत यावे लागणार नाही, अशी मालकाची, पुढाऱ्याची आणि कामगाराची, तिघांचीही समजूत होती. ती विधवेला आणि टाकलेलीला लागू कशी पडणार, हा प्रश्न तिघांपैकी कोणी विचारला नाही. कायद्याने बायका गेल्या असे म्हणण्यापेक्षा, ज्या दिवशी त्यांना काढणे सोयीचे झाले त्या दिवशी कायदा हाताशी होता, असे म्हणणे आम्हांला अधिक खरे वाटते. बाबासाहेबांचा मुद्दा मान्य झाला असता, बोजा मालकाऐवजी सरकारने वाहिला असता, तर त्या हिशेबातली एक बाजू तरी बदलली असती.

बायका गेल्या तशी नायकीणही गेली. आणि ती दोन्ही बाजूंनी गेली. रॉयल कमिशन ऑन लेबर, ज्याला व्हिटले कमिशन म्हणतात, त्याचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. ह्या कमिशनवर बेरिल पॉवर ही एक इंग्रज बाई होती. जॉबरशाहीतल्या लाचलुचपतीवर अहवालात कडक ताशेरे आहेत, आणि ते योग्यच होते. ज्या कारखान्यात बऱ्याच स्त्रिया असतील तेथे त्यांच्या हिताची आणि देखरेखीची जबाबदारी एका सुशिक्षित स्त्रीवर सोपवावी, अशी सूचनाही कमिशनने केली. ह्या दोन सूचनांपैकी पहिलीचे काय झाले पाहा. १९३५ मध्ये बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आली, गिरण्यांत लेबर ऑफिसर बसले, माणसे घेण्याचा अधिकार हळूहळू जॉबराकडून आणि नायकिणीकडून कचेरीकडे गेला. दुसरी सूचना मात्र बहुतांशी कागदावरच राहिली. टेबलामागच्या खुर्चीवर जी सुशिक्षित व्यक्ती येऊन बसली ती पुरुष होती. अशिक्षित बाईचा अधिकार गेला आणि सुशिक्षित बाईला तो मिळाला नाही, असा हा विलक्षण बदल आहे.

ज्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ केला, त्याच १८७५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी आपली संघटना स्थापन केली. किती चात्या फिरवायच्या, कोणत्या खात्यात कोणते यंत्र आणायचे, दुसरी पाळी लावायची की नाही, ह्या साऱ्याचा विचार त्या संघटनेत आणि गिरण्यांच्या एजंटांच्या कचेऱ्यांत होई. नायकिणीला माणूस ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार होता, पण खाते ठेवावे की काढावे हे ठरविणाऱ्या खोलीत तिला कधी कोणी बोलावले नाही. तिचे सारे वजन दुसऱ्याच्या छपराखाली होते. छप्पर ज्याचे त्याने एक दिवस भिंत हलवली.

ह्या काळात बायका गप्प बसल्या नव्हत्या हेही सांगितले पाहिजे. १९२८-२९ च्या संपांत फितूर कामगारांना अडवायला झाडू घेऊन गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या बायकांच्या हकिगती गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. उषाबाई डांगे त्यांच्यात हिंडल्या, बोलल्या, त्यांना युनियनमध्ये आणले. पुढे त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव 'पण ऐकतं कोण?' असे आहे. पार्वतीबाई भोर ह्याही ह्याच लढ्यांतून पुढे आल्या. संपाच्या दिवशी पुढे बाई आणि तडजोडीच्या बैठकीला पुरुष, ही वाटणी मात्र फारशी बदलली नाही.

आता गिरणीच्या दारातून बाहेर पडून समोरच्या चाळीत शिरू. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायकांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. म्हणजे शहर निम्मे एकट्या पुरुषांचे. बायको गावी शेत आणि सासूसासरे सांभाळीत राही आणि नवरा लालबागच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांत पाळीपाळीने पथारी टाकी. ह्या माणसांना जेवू घालणारी जी बाई, ती खाणावळवाली. तिची खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. दहा बाय बाराची तिचीच खोली. एका भिंतीला चूल, दुसरीला मांडलेली ताटे. गिरणीच्या भोंग्यावर तिचे घड्याळ चाले. पहिल्या पाळीसाठी पहाटे तीनला उठायचे, दुपारचे डबे भरायचे, रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी भाकरी झाकून ठेवायची. खाणावळ गावाची आणि जातीची असे. संगमेश्वरकडचा माणूस आपल्याकडचे कालवण शोधत येई आणि घाटावरचा आपली भाकरी.

वाइंडिंग खात्यातून निघालेल्या कित्येक बायकांच्या हाती शेवटी हीच वाट राहिली. गिरणीतल्या जगात आणि ह्या जगात एक फरक होता: येथे तिच्यावर नायकीण नव्हती आणि मास्तर नव्हता. वाणी आणि सावकार मात्र होते. गडी जेवणार महिनाभर आणि पैसे देणार पगाराला. वाण्याचे धान्य मात्र आज हवे. त्या तीस दिवसांचा भार बाई अंगावर घेई, मंगळसूत्र गहाण टाकून. आजच्या भाषेत खेळते भांडवल म्हणतात ते हेच, आणि ते तिच्यापाशी कधीच पुरेसे नसे.

१९७३ सरता सरता गिरण्यांत बेचाळीस दिवसांचा संप सुरू झाला. पगार बंद, तरी खाणावळवाल्यांनी आपल्या गड्यांना उधारीवर जेवू घातले. संप मिटला, पुढाऱ्यांना हार पडले. बायकांच्या डोक्यावर कर्ज उरले. हे ज्यांच्या डोळ्यांत सलले त्या प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात पायात गोळी लागलेल्या, आणि मुंबईत कामगार चळवळीत मुरलेल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते होते, त्यामुळे बँकेच्या दाराआड काय चालते हे घरात माहीत होते. राष्ट्रीयीकरण होऊन पाच-सहा वर्षे झाली होती, गरिबांना अल्प व्याजाने कर्ज देण्याची योजना कागदावर होती. प्रेमाताईंनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले आणि पहिल्या चौदा बायकांना बँकेपुढे उभे केले. तारण काय, तर एकमेकींचा शब्द. बँकेच्या साहेबांना हे प्रथम रुचले नसेल तर नवल नाही. पण कर्जे फिटू लागली, आणि चौदांच्या मागे हजारो आल्या. गल्लीगल्लीतून आपल्यातलीच एक बाई पुढारी म्हणून निवडायची, तिने कर्जाचे अर्ज पाहायचे, हप्ते गोळा करायचे, बुडविणारणीच्या दारात जाऊन बसायचे. कामाचे स्वरूप पाहिले तर ही थेट नायकिणीची नात. दस्तुरी मात्र नाही, आणि वर कोणी मास्तरही नाही.

१९८२ च्या जानेवारीत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही. जेवणारा गडीच गावी गेला, तेव्हा खाणावळ कोणासाठी? मंडळाने मग मोठ्या प्रमाणावर स्वयंपाकाची बाहेरची कामे घेतली, कचेऱ्यांना जेवण पुरविले. धंदा बदलण्याचा निर्णय ह्या वेळी बायकांच्याच बैठकीत झाला. आमच्या ह्या सबंध कथेतले हे एक वाक्य श्रोत्यांनी मघाच्या एजंटांच्या कचेरीशेजारी ठेवून पाहावे.

तिसरी गोष्ट गिरगावची आहे, आणि काळाने ती अन्नपूर्णेच्याही आधीची. गिरगावातील लोहाणा निवास ह्या वस्तीत १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणी गच्चीवर जमल्या आणि त्यांनी पापड लाटले. जसवंतीबेन पोपट ही त्यांतली एक. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख ह्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या कार्यकर्त्याकडून उसने घेतलेले. (बाळंतपणाच्या रजेसाठी झगडणारे ना. म. जोशीही ह्याच सोसायटीचे. गोखल्यांच्या त्या रोपट्याला मुंबईत कुठे कुठे पालवी फुटली, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.) पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. पहिल्या पावसाळ्यात वाळवण घालायला जागा नाही म्हणून चार महिने काम बंद पडले. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. यंत्रशास्त्रात ह्याला काय म्हणतात कोण जाणे, पण धंदा बारमाही झाला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. १९६६ साली संस्था नोंदली गेली, 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड'. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बहिणी तिच्यात आहेत.

आकड्यांपेक्षा आम्हांला तिचे नियम अधिक बोलके वाटतात. लाटणारी प्रत्येक बाई सभासद आणि सभासद म्हणून मालकीण. पुरुष पगारावर राहू शकतो, हिशेब लिहू शकतो, मोटार हाकू शकतो. सभासद होऊ शकत नाही. एकवीस बायकांची कार्यकारी समिती, प्रत्येक शाखेला एक संचालिका. देणगी घ्यायची नाही, हे पारेखांच्या सल्ल्याने पहिल्या काही वर्षांतच ठरले. दोन प्रतींचे पापड करून स्वस्त माल काढण्याचा मोह झाला तेव्हाही त्यांनीच तो मोडून काढला. संस्थेत पुरुषांचा सल्ला होता, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु सल्ला देणाऱ्याला मत नव्हते.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पोळपाट-लाटण्यापासून बायकांची सुटका व्हायची ती व्हायची, तुम्ही तेच लाटणे मोठे करून दाखविता, असे काही विदुषी म्हणतात. लाटलेल्या किलोवर मिळणाऱ्या मजुरीत कोणाचे घर भागत नाही, हेही खरे. चुलीवरची आणि पोळपाटावरची कामे बायकांचीच मानली जात, म्हणून पुरुषांनी त्या धंद्यांत हात घातला नाही, आणि म्हणूनच ते बायकांच्या ताब्यात राहिले. रीळ जोवर स्वस्त होते तोवर तेही बायकांचेच नव्हते काय? आमच्यापाशी ह्या आक्षेपाचे पुरते उत्तर नाही. एवढेच दिसते की पापड फायद्याचा झाल्यावरही तो कोणाला काढून घेता आला नाही, कारण घटनेतच तसे दार ठेवलेले नव्हते.

मोठ्या भांडवलाच्या जगातही एखादी स्त्री अपवाद म्हणून वर गेली. सुमती मोरारजी ह्यांनी सिंदिया कंपनीची जहाजे बॅलार्ड इस्टेटीतून हाकली आणि १९५६ साली देशातल्या जहाजमालकांच्या संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या. पण त्या मोरारजींच्या घराण्यातल्या सून होत्या, हे दार सर्वांसाठी नव्हते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री असलीच पाहिजे असे ठरविले. मग काय झाले? कित्येक मालकांनी आपली बायको, बहीण, मुलगी ह्यांना खुर्चीवर बसविले. शेवटी सेबीला, घरच्या नात्यातली नसलेली, स्वतंत्र स्त्री-संचालक हवी असा निराळा नियम पहिल्या पाचशे कंपन्यांसाठी २०१९ पासून आणि पहिल्या हजारांसाठी २०२० पासून करावा लागला. नॉर्वेने २००३ मध्येच चाळीस टक्क्यांचा कायदा केला होता. आपण एकीवर थांबलो.

लोअर परळच्या कमला मिलच्या आणि फिनिक्स मिलच्या आवारात आज कचेऱ्या आणि दुकाने आहेत. रोज सकाळी स्टेशनचा पूल उतरून हजारो मुली तेथे कामाला जातात, त्यांतल्या कित्येक चांगल्या अधिकाराच्या जागेवर आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, बाईची संमती असेल आणि तिच्या सुरक्षिततेची व जाण्यायेण्याची सोय मालक करील तर, रात्री साडेनऊनंतरही तिला काम करता येते. १८९१ साली ज्या गिरणगावातल्या बायकांना रात्रीचे दार बंद झाले, त्याच गिरणगावात ते सव्वाशे वर्षांनी उघडले. मधल्या काळात तेथली गिरणीच उरली नाही.

आणि लिज्जतच्या शाखांवर अजून भल्या पहाटे गाडी बायकांना घेऊन येते. काहीजणी पीठ मळतात. बाकीच्या काल लाटून वाळविलेले पापड वजन करून देतात, त्याची मजुरी घेतात आणि आजचे पीठ घेऊन घरी परततात. जाडी, गोलाई, वाळण ह्यांची तपासणी होते. पापड जाड आला तर नाकारण्याचा अधिकार संचालिकेला आहे. तीही एके काळी त्याच रांगेत पिठाचा डबा घेऊन उभी राहिलेली असते.